वरच्याचं पोट

उंचावर बसणाऱ्या माणसाला पोट नसावं. हात असावेत, डोळे असावेत, कान थोडे कमी असले तरी चालतील. पण पोट खाली ठेवून जायची काहीतरी सोय पाहिजे होती. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो हल्ली दुसरा विचारच करत नव्हता.

साइटवर त्याला सगळे 'वरचे' म्हणायचे. "वरच्यांना विचारलं का?" "आज वरच्यांची मर्जी दिसत नाही बरं." नवा गवंडी आला की आधी चक्रावून जायचा, ही माणसं एवढी देवभोळी कशी म्हणून. मग मान वर करायचा, आणि पिवळ्या लोखंडी खांबाच्या टोकाला टांगलेली काचेची पेटी दिसायची. त्या पेटीत वरचे बसलेले. हातात दोन दांडे, पायाखाली काच, काचेखाली सगळं जग.

खांबाच्या आतून शिडी होती. सकाळी चढायचं ते संध्याकाळी उतरायचं. मधे उतरायचं नाही. हा काही कंपनीचा नियम नव्हता, हा क्रेनवाल्यांचा माज होता. त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "मधे खाली-वर करतं ते माकड. क्रेनवाला एकदा बसला की बसला." डबा हुकाला लटकून वर यायचा. लघवीला बाटली होती. आणि मोठ्या कामाचं काय? तर ते करायचंच नाही. पोटाला शिस्त लावायची. सकाळी नुसता चहा, दिवसभर पाणी घोट-घोट, दुपारचा डबा निम्मा परत, आणि रात्री घरी गेल्यावर मात्र सगळी कसर भरून काढायची. उस्तादानं असंच केलं, त्यानंही असंच केलं, आणि वर्षानुवर्षं पोटानं मुकाट्यानं ऐकलं.

मग एक दिवस ऐकेनासं झालं.

आधी नुसतं गुरगुरायचं. मग फुगायला लागलं. दुपारपर्यंत पट्टा एक भोक मागं, संध्याकाळी आणखी एक. कधी चार दिवस दगड, तर कधी एकदम धबधबा. आणि ती कळ! बेंबीच्या खालून उठायची, पिळा मारत डावीकडं जायची, आणि कपाळाला घाम फोडून मगच बसायची. खाली सळयांचा भारा हुकाला लटकलेला, एक हात दांड्यावर, दुसरा पोटावर, डोळे शिडीच्या तोंडावरच्या झाकणाकडं. खुर्चीत त्याला स्वस्थ म्हणून बसवेना. या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर, त्या कुल्ल्यावरून या. केबिन लहान, त्यात त्याची ही कवायत.

सांगावं तर कुणाला? पलीकडच्या टॉवरचा क्रेनवाला असाच बोलून बसला होता, "साहेब, अधूनमधून गरगरतं." झालं. त्याला खाली आणला तो कायमचा. आता तो स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर बसून असायचा, आणि कधी म्हणजे कधी वर बघायचा नाही. वरच्यांना त्या माणसाकडं बघितलं की पोटात वेगळाच गोळा यायचा. क्रेन गेली तर मग आपण कोण? वरचे म्हणून माहीत असलेल्या माणसाला खाली आणल्यावर लोक काय म्हणणार, खालचे? सांगता येत नाही आणि सहनही होत नाही, अशी गत.

म्हणून त्यानं एक युक्ती काढली. कळ आली की वॉकी-टॉकीवर, म्हणजे साइटच्या भाषेत वॉकीवर, सांगायचं, "वारा वाढलाय. थांबा." वाऱ्यापुढं कुणाचं चालत नाही. सगळं काम जागच्या जागी थांबायचं. तो माल हळूच खाली टेकवायचा, डोळे मिटायचा, कळ जाईपर्यंत दात आवळून बसायचा, आणि मग सांगायचा, "हां, पडला वारा. चला." त्या मोसमात त्या साइटवर जेवढा वारा सुटला, तेवढा समुद्रावरही सुटला नसेल.

घरात मात्र असली चोरी लपत नाही. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही रात्री जेवता की पोतं भरता? दिवसभराचं एका बैठकीत कोंबल्यावर पोट काय आरती ओवाळणार?" तिनं ओव्याचं गरम पाणी चालू केलं. मेहुणा आला, त्याला जगातल्या सगळ्या रोगांचं कळायचं. तो म्हणाला, "दाजी, हा कोठा साफ नाही. सगळं मुळातून आहे," आणि एक चूर्ण देऊन गेला. खाली उभा राहून सिग्नल देणारा झेंडे, पूर्वी हातात झेंडे असायचे म्हणून झेंडे, आता वॉकी आली तरी नाव तेच. त्याला थोडाफार वास लागलेला. तो म्हणाला, "वरचे, जुलाबाला माझ्या आईची गोळी. एकदा घेतली की दोन दिवस चौकशीच नाही." वरच्यांनी दोन्ही चालू केलं. सकाळी दार उघडायचं औषध, रात्री दार लावायचं. पोट बिचारं मधल्या मधे कडी हातात धरून उभं.

मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. तिनं पातळ औषध आणलं, पित्तावरचं. "बाबा, हे बिनसाखरेचं आहे, मुद्दाम बघून आणलंय. तुमची साखर काठावर आहे ना." तिचं बापावर बारीक लक्ष. तंबाखूही तिनंच सोडवली होती. एके दिवशी त्याच्या पुढ्यातली पुडी उचलून म्हणाली होती, "बाबा, ही नाहीतर मी. दोघींनी एका घरात राहायचं नाही." आणि पुडीच्या जागी च्युइंगमची डबी ठेवली. तीही बिनसाखरेचीच. तेव्हापासून त्याच्या तोंडात सकाळी जी गोळी जायची, ती चव गेली की दुसरी, दुसरीची गेली की तिसरी. जबडा म्हशीसारखा सारखा चालू. डबी रिकामी व्हायच्या आत पोरगी नवी आणून द्यायची. बापाचा अभिमान वाटायचा तिला, दुकानात येईल त्याला सांगायची, "आमच्या बाबांनी सोडली बघा."

आणि इथंच त्याची खरी घालमेल होती. त्याच्या मनानं घेतलं होतं, की तंबाखू सुटली आणि पोट बिघडलं. तंबाखू होती तेव्हा सकाळी एक चिमूट लावली की पोट कसं हुकमी! आता हे. म्हणजे पोरीचं ऐकलं तर पोट जाणार, पोटाचं ऐकलं तर पोरगी. घरी येताना पानाच्या टपरीसमोर त्याची चाल मंद व्हायची. टपरीवाला लांबूनच ओळखीचं हसायचा. तो आणखी एक च्युइंगम तोंडात टाकायचा आणि पुढं जायचा.

मग तो जिन्याचा दिवस आला.

काँक्रीटचा अख्खा जिना, तयार ओतून आणलेला, उचलून वरच्या मजल्यावर त्याच्या खाचेत बसवायचा होता. असलं काम वरच्यांच्या हातचं. बोटाएवढी फट ठेवून ते वजन असं अलगद उतरवायचे, की खालचे लोक टाळ्या वाजवायचे राहायचे फक्त. त्या दिवशी साहेबही आलेले, म्हणजे साइटचे इंजिनियर. वर स्लॅबवर गवंडी हात वर करून वाट बघत उभे.

जिना निम्म्या वाटेत आला आणि कळ उठली.

ही रोजची नव्हती. हिनं पिळलं ते थेट मांड्यांपर्यंत. त्याचा हात दांड्यावर हलला. हात हलला तो तारेत उतरला, आणि एवढा मोठा जिना हवेत किंचित डुलला. स्लॅबवरच्या दोघांनी हात खाली घेतले आणि मागं सरले. ते मागं सरणं त्यानं काचेतून बघितलं. एवढ्या वर्षांत त्याच्या मालाखालून कुणी मागं सरलेलं नव्हतं.

"झेंडे, जिना परत खाली घेतोय," तो वॉकीवर म्हणाला. "वारा वाढलाय."

खालून उत्तर आलं ते झेंडेचं नाही, साहेबांचं. "वरचे, कुठला वारा? मी वारा मोजायचं यंत्र हातात धरून उभा आहे. पानही हलत नाही."

"वर आहे साहेब."

"तुमच्या शेंड्यावरचं निशाण दिसतंय मला. सुतकात असल्यासारखं पडलंय ते."

त्यानं आधी जिना खाली आणला. कळ काळजात शिरली तरी तो घाईनं नाही आणला, जसा आणायला पाहिजे तसाच आणला, आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवला. हुक मोकळा होऊन वर आला. मग त्यानं वॉकीचं बटण दाबलं. त्या वॉकीवर सगळी साइट ऐकायची. गवंडी, फिटर, गेटवरचा माणूस, पाण्याच्या टँकरवालासुद्धा.

"वारा नाही," तो म्हणाला. "पोटात कळ आलीय. धरवत नाही. खाली येतोय."

शिडी उतरताना त्याला कळलं, की एवढं लांब अंतर तो रोज उतरत होता. खाली पोचल्यावर संडास साइटच्या दुसऱ्या टोकाला. पळावं तर पळवत नाही, चालावं तर वेळ नाही. तो बदकासारखा निघाला. दोन्ही बाजूंना माणसं काम सोडून उभी. कुणी हसलं नाही. दाराला कडी लागेपर्यंत कुणी म्हणजे कुणी हसलं नाही. मग कडी लागली, आणि गेटपासून स्लॅबपर्यंत सगळी साइट अशी खदखदली की आत त्यालाही ऐकू आली.

बाहेर आला तर साहेब उभे. ते हसत नव्हते.

"किती दिवस चाललंय हे वाऱ्याचं?"

त्यानं पट्टा नीट केला.

"पोट बिघडतं हो, माझंही बिघडतं. पण तुम्ही वाऱ्याबद्दल खोटं बोललात. उद्या खरंच वारा सुटेल आणि तुम्ही 'थांबा' म्हणाल, तेव्हा मी काय समजायचं? पोट की वारा? माझी माणसं मालाखाली उभी असतात, वरचे."

तोंडात मारल्यासारखं त्यानं फक्त "हां" केलं.

"डॉक्टर लिहून देईपर्यंत तुम्ही खाली. मोठी क्रेन तोवर छोट्या क्रेनवाली बघेल. तिच्याकडं लायसन आहे."

छोट्या क्रेनवाली म्हणजे गेटजवळची चाकांची क्रेन चालवणारी बाई. कामाला खमकी, बोलायला त्याहून. ती त्याच्यासमोरून शिडीकडं गेली आणि चढली. त्याच्या खुर्चीत त्याच्या डोळ्यांदेखत दुसरं कुणी बसलं. त्या दिवशी तो घरी चालत गेला, आणि टपरीवाला हसला तर त्याच्याकडं बघितलंही नाही.

डॉक्टरीणबाईंकडं बायको बरोबर आली, कारण एकटा सोडला तर हा काय सांगेल ह्याची तिला खात्री नव्हती.

"जेवण कसं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साधंच."

"साधं?" बायको म्हणाली. "सकाळी उपाशी, दुपारी चिमणीएवढं आणि रात्री हत्तीएवढं. पाण्याला तर शिवत नाहीत. आणि मोठ्या कामाला दिवसभर धरून बसतात."

"औषधं काही?"

"नाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका," असं म्हणून बायकोनं पिशवीतून सगळं टेबलावर मांडलं. चूर्ण, झेंडेच्या आईची गोळी, पोरीनं आणलेली बाटली.

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "हे जुलाब होण्याचं. हे जुलाब थांबवण्याचं. दोन्ही एकदम घेता?"

"वेगवेगळ्या वेळेला," तो म्हणाला.

त्यांनी बरंच विचारलं. संडासला रक्त पडतं का, वजन उतरलंय का, झोपेतून कळ उठवते का, ताप येतो का, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का. प्रत्येक प्रश्नाला त्याच्या मनात एक मरण येऊन जायचं. सगळ्याला नाही म्हणता म्हणता त्याला घाम फुटला, आणि सवयीनं त्यानं खिशातली डबी काढून एक गोळी तोंडात टाकली.

"ते काय?"

"हे? काही नाही. च्युइंगम. बिनसाखरेचं आहे."

"दिवसात किती खाता?"

"खात नाही, चघळतो."

"किती?"

त्यानं बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "डबी म्हणा. जबडा झोपेतच काय तो थांबतो."

डॉक्टरीणबाईंनी डबी घेतली, चष्मा वर करून मागचं बारीक वाचलं, मग औषधाच्या बाटलीचंही वाचलं, आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"ह्यात साखर नाही खरी, पण साखरेचा चुलतभाऊ आहे. गोड लागतो, साखर वाढवत नाही, म्हणून घालतात. एक-दोन गोळ्यांनी काही होत नाही. पण आतड्याला तो नीट पचत नाही. ढीगभर गेला की तसाच पुढं सरकतो, पाणी ओढून घेतो, आंबतो. मग गॅस, कळा, पातळ. शिवाय सारखं चघळताना माणूस हवा गिळतो ती वेगळीच. आणि तुमच्या ह्या बाटलीतही तोच आहे."

"म्हणजे औषधातही?"

"म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं."

"आणि तंबाखू?" त्यानं घाबरत विचारलं. "ती सोडली म्हणून तर नाही ना?"

"तंबाखू सुटल्यावर थोडे दिवस पोट रुसतं काहींचं. पण ते कारण सांगून परत सुरू कराल, तर मी तुम्हाला वर काय, पहिल्या पायरीवरसुद्धा चढू देणार नाही."

एवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. हेच एक कारण असेल असं समजू नका म्हणाल्या. दिवसभर धरून ठेवणं, पाणी न पिणं, रात्रीचा डोंगर, ही सगळी एकाच माळेतली. रक्ताची, शौचाची तपासणी लावली. चूर्ण बंद, गोळी बंद, बाटली बंद, च्युइंगम बंद. जेवण तीनदा, थोडं थोडं. आणि शरीरानं हाक मारली की जायचं, मग तुम्ही कुठंही असा.

घरी पोरीला सांगायचं कुणी? बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागली. त्यानंच सांगितलं. पोरीचा चेहरा पडला.

"म्हणजे मीच घातलं तुमच्या पोटात. दुकानात उभी राहते आणि मागचं वाचलं नाही."

"तू तंबाखू काढलीस माझी. ती काढायला काहीतरी पाचर लागते की नाही? पाचर जरा जाड बसली, एवढंच."

"तुमची क्रेन जाईल बाबा."

"जाईल तर जाईल," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते खोटं ऐकू आलं.

पुढचे दिवस त्याचे त्यालाच माहीत. जबडा रिकामा, हात रिकामे. खाली साइटवर तो भटक्या कुत्र्यासारखा हिंडायचा. सळईवाल्यांना सांगायचा, सळई अशी बांधा. त्यांनी बांधलेलीच असायची. गोण्यांवरच्या जुन्या क्रेनवाल्याशेजारी बसून बघितलं, तर त्याच्यासारखीच आपलीही मान खाली जाते असं वाटलं आणि ताडकन उठला. तंबाखूची एवढी तलफ यायची की दाढा शिवशिवायच्या. मग तो पाणी प्यायचा. पाणी प्यायलं की जावं लागायचं. गेला की मात्र हळूहळू बरं वाटायला लागलं. पट्टा आपल्या भोकावर आला. कळ मागं सरली. पुरती गेली नाही, एखाद्या दिवशी आठवण करून जायची, पण पिळून काढणं थांबलं. तपासण्यांत वाईट काही निघालं नाही. बायकोनं ऐकलं आणि खुर्चीत बसली. तेव्हा त्याला कळलं, की इतके दिवस तीही उभीच होती.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, पण अट घालून. दुपारी खाली उतरायचं. कळ आली तर मधेही उतरायचं. म्हणजे वर बसायला दुसरं माणूस पाहिजे.

साहेब म्हणाले, "छोट्या क्रेनवालीला तुमच्या जोडीला देतो. चालेल?"

"साहेब, खुर्ची एकाच्याच बुडाला बसलेली असते."

"मग तिच्याच बुडाला बसू दे."

तो लगेच म्हणाला, "चालेल."

पहिल्या दिवशी सकाळी तो चढला. दांडे हातात घेतले. सकाळभर माल हलवला, एक बारीक कळ येऊन गेली, त्यानं वॉकीवर सांगितलं, "पोट. जरा थांबा," आणि खालून झेंडे म्हणाला, "थांबलो." कुणी हसलं नाही. पोटाचं नाव पोट म्हटल्यावर त्यात हसायला फार काही उरत नाही.

दुपार झाली. पोट अगदी शांत होतं. त्या पोटासाठी उतरायची गरजच नव्हती. तो खुर्चीत बसून राहिला. आणखी एक भारा. आणखी एक. उस्ताद डोळ्यांपुढं आला, माकड म्हणाला.

"वरचे," वॉकीवर बाईचा आवाज. "मी शिडीशी उभी आहे. येताय, का मी येऊ वर आणि तुमच्या मांडीवर बसू?"

साइट फिस्सकन हसली. त्यानं हुक वर घेतला, झाकण उचललं आणि उतरायला लागला.

शिडीच्या मधल्या फळीवर दोघांची गाठ पडली. एकानं अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नव्हतं. त्यानं चोरलं.

"खुर्ची मागं सरकवली तर चालेल का?" तिनं विचारलं. "माझे पाय अवघडतात."

एवढी वर्षं त्या खुर्चीच्या खटक्याला कुणी हात लावला नव्हता. तो म्हणाला, "तुझ्या हिशोबानं लाव. आणि डावीकडं फिरवताना ब्रेक जरा उशिरा धरतो. आधीच दाब."

"कळलंय ते मला. इतके दिवस काय झोपा काढल्या वर?"

खाली माणसं डबे उघडून सावलीत बसलेली. झेंडेनं सरकून जागा दिली. त्यानं पहिला घास घेतला आणि मान वर केली. क्रेनचा हात फिरत होता. खालून तो केवढा लांब दिसतो, आणि त्याच्या टोकाला लटकलेलं वजन केवढं जिवावरचं वाटतं! भारा स्लॅबकडं निघाला तसा तो घास तोंडात तसाच ठेवून उठला. "आता सोड... आता... अगं डावीकडं..."

झेंडेनं त्याचा शर्ट धरून खाली बसवलं. "घास चावा आधी. वॉकी माझ्याकडं आहे."

भारा टेकला. थोडा दणका बसला. त्याच्या हातून बसला नसता. पण वर स्लॅबवर हात वर करून उभी असलेली माणसं जागची हलली नव्हती. त्यानं ते नीट बघितलं. मग मान खाली घातली आणि चावायला लागला. बराच वेळ चावत बसला, आणि पुढचा भारा उचलल्याचा आवाज आला तेव्हा मोठ्या कष्टानं वर न बघता डब्यातली भाकरी मोडली.